सुभेदारांनी स्टिअरिंग बसवलं

मंगळवारी दुपारी साताऱ्याहून परत येताना, रहिमतपूर मागं टाकल्यावर एका डाव्या वळणावर, दीपमालाच्या हातातलं स्टिअरिंग ‘कट्’ करून वाजलं. क्षणभर ते हातात मोकळंच फिरलं आणि मग परत पकडलं. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून निभावलं. पण वळण संपून गाडी सरळ रस्त्याला लागली तरी स्टिअरिंग तिरकंच राहिलं. गाडी नाकासमोर चाललेली आणि स्टिअरिंगची मधली पट्टी मात्र एका अंगाला कललेली.

मागच्या सीटवर तिची सासू अंबूबाई डोळे मिटून पडली होती. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिला डायलिसिसला न्यावं लागे. चार तास मशीनला जोडून घेतल्यावर परतीच्या वाटेवर तिच्यात बोलायचंही त्राण उरत नसे. तरी तिनं विचारलं, “काय गं वाजलं?”

“काय न्हाई आत्ती, खड्डा हुता.” दीपमाला सासूला आत्तीच म्हणायची.

उरलेली वाट तिनं बैलगाडीच्या वेगानं काढली. उसाच्या ट्रॉल्या मागून हॉर्न मारत पुढं गेल्या, एक-दोघांनी खिडकीतून काहीबाही सुनावलंही. तिनं लक्ष दिलं नाही. औंधच्या अलीकडं यमाईचा डोंगर दिसायला लागला तेव्हा कुठं तिनं दाताखाली धरलेला ओठ सोडला.

कोंडीबा शिंगटे, तिचे सासरे, ओट्यावर बसलेले होते. गाडी दारात थांबली. दीपमालानं अंबूबाईला धरून आत नेऊन निजवलं, बाहेर आली, तर म्हातारा गाडीच्या खिडकीपाशी उभा राहून आत वाकून बघत होता.

“सकाळी जाताना पट्टी सरळ हुती,” ते म्हणाले. “कुठं सरकली?”

तिनं सांगितलं. कट् आवाज कसा आला, किती फिरलं, परत कधी पकडलं, सगळं त्यांनी तीन-तीनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, “दाते झिजल्याती. स्टिअरिंगपासनं खाली जी दांडी जाती तिच्या टोकाला दाते असत्यात. त्यातला एक दाता सुटून पुढच्यावर गेलाय. आज एक सुटला, उद्या समदं सुटत्याल.” आणि जरा थांबून, “आता ही गाडी हालवायची न्हाई.”

गावात त्यांना सुभेदार म्हणत. अठ्ठावीस वर्षं सैन्यात काढली, ती सगळी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. बर्फात गोठलेली इंजिनं, वाळूत रुतलेले ट्रक, रात्रंदिवस चालवून दमलेल्या जीपा, असलं काही त्यांच्या हाताखालून गेलं नाही असं नाही. नायब सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि ही सत्त्याण्णव सालची पांढरी आठशे घेतली. पुढची वीस-बावीस वर्षं तिचा एकेक नट त्यांच्याच हातानं खोलला आणि बसवला गेला. गावातल्या कुणाचंही इंजिन ते लांबून आवाज ऐकून ओळखायचे. पण दुसऱ्या कुणाला ते आपल्या गाडीला हात लावू देत नसत. सख्ख्या पोरालासुद्धा नाही. वीरधवल, दीपमालाचा नवरा, आता स्वतः फौजेत होता, आसामकडं. लहानपणी बापाच्या पेटीतला पाना उचलला म्हणून त्यानं मार खाल्ला होता, हे तो हसत सांगायचा.

तीन वर्षांपूर्वी सुभेदारांचा उजवा हात थरथरायला लागला. पुढं डावाही. डॉक्टरनं कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी चालणं बोलणं ठीक राहिलं, हात मात्र स्थिर राहिले नाहीत. तेव्हापासून पान्यांची पेटी कोठीच्या खोलीत, वर गोणपाट टाकून ठेवलेली. तिचं नाव घरात कुणी काढत नसे.

संध्याकाळी दीपमाला गावच्या गॅरेजात जाऊन आली. गळिताचा हंगाम, गॅरेजवाल्याच्या दारात सहा ट्रॅक्टर उभे. तो तोंड वर न करताच म्हणाला, “वैनी, त्याचा आख्खा कॉलम बदलाय लागतोय. दांडी, नळी, समदं. दहा-बारा दिस तरी मला सवड न्हाई. आन एवढ्या जुन्या गाडीचा कॉलम तुमाला घावायचा बी न्हाई. भंगारात घाला की तिला.”

शुक्रवारी पुन्हा डायलिसिस. शेजाऱ्याची जीप एखाद्या वेळी मिळाली असती. पण पुढचा मंगळवार, त्याच्या पुढचा शुक्रवार? रक्त काही हंगाम संपायची वाट बघत थांबत नाही.

ती परत आली तेव्हा कोठीच्या खोलीतलं गोणपाट दारात पडलेलं होतं. सुभेदार ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते आणि खालच्या कव्हरचा स्क्रू काढायला बघत होते. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलेलं. तरी पेचकस स्क्रूच्या खाचेत टिकेना. प्लास्टिकवर त्याचं टोक टक टक टक टक वाजत राहिलं. दीपमाला अंगणातल्या आंब्याखाली उभी राहून ऐकत होती. पुढं जावं की मागं फिरावं, तिला कळेना. मग पेचकस खाली पडला आणि सुभेदार तो उचलायला वाकलेच नाहीत. नुसते बसून राहिले, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

ती जवळ गेली. पेचकस उचलला.

“आबा, तुमी सांगा. हात माझं.”

“मी दुसऱ्याच्या हातानं काम करत न्हाई.”

“मी बाई हाय म्हणून?”

“न्हाई गं.” ते चिडून म्हणाले. “दुसऱ्याच्या हाताला काय लागलं ते मला कसं कळायचं? डोळ्यानं दिसतंय ते अर्धंच असतंय. बाकीचं समदं हाताला कळतंय.”

“मंग मी सांगीन की. हाताला काय लागलं ते समदं तुमाला सांगीन.”

त्यांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. दीपमाला मूळची कवठे महांकाळकडची, कोरडवाहू माणसांतली. लग्न होऊन आली तेव्हा सायकलसुद्धा चालवता येत नव्हती. सासूला डायलिसिस सुरू झाल्यावर दोन महिन्यांत तिनं गाडी शिकून घेतली, परवाना काढला आणि त्या दिवसापासून आजवर एकही फेरी चुकवली नव्हती. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यातलं कधी बोलून दाखवलं नव्हतं एवढंच.

“उद्या पहिल्या गाडीनं सांगलीला जाऊ,” ते म्हणाले. “बाहुबलीकडं कॉलम असला तर असल.”

*

बाहुबली मगदूम यांचं दुकान मिरज रस्त्याच्या एका बोळात होतं. मोडीत काढलेल्या गाड्या खोलून त्यातला चांगला माल वेगळा ठेवायचा, हा त्यांचा धंदा. विट्याला एसटी बदलून सासरा-सून तिथं पोचली तेव्हा दहा वाजले होते. सुभेदार तीन वर्षांत कुठं परगावी गेले नव्हते. एसटीत त्यांनी दोन्ही हात मफलरात गुंडाळून घेतले होते, उन्हाळा तोंडावर आला तरी.

“या की ओ सुभेदारसाहेब!” बाहुबली गादीवरून उठलेच. त्यांनी मफलरकडं बघितलं आणि त्याविषयी अक्षर काढलं नाही. “फोनवर सांगितलासा तवाच काढून ठेवलोय. तीन हाईत. तुमीच निवडा.”

तिन्ही कॉलम जमिनीवर मांडलेले होते. दीपमालानं पहिल्यांदाच ती वस्तू नीट बघितली. हातभर लांबीची लोखंडी नळी, तिच्या आतून जाणारी दांडी, वरच्या टोकाला स्टिअरिंग बसायची जागा, खालच्या टोकाला बारीक उभे दाते.

“खालचे दाते बोटानं चाचप. नखानं,” सुभेदार म्हणाले.

तिनं चाचपले. “ह्याचं टोचत्यात. ह्याचं बी टोचत्यात. ह्याचं गुळगुळीत हाईत.”

“तिसरा बाजूला ठेव. आता नळी एका हातात धर, दांडी दुसऱ्या हातात, आन वरखाली हालीव. काय लागतंय?”

“पयला जरा खडखडतोय. दुसरा न्हाई.”

“किती खडखडतोय?”

दीपमालानं विचार केला. “दाराची कडी सैल असती न्हवं, तेवढा.”

बाहुबली हसले. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली, जणू वजनकाट्यानं आकडा सांगितला होता. “दुसरा घे. बाहुबली, तुमच्या टेबलावरची काच जरा मोकळी करा.”

काचेवर त्या कॉलमची दांडी तिच्याकडून लोळवून घेतली. वाकलेली असती तर काचेवर उड्या मारत गेली असती. ती सुतासारखी सरळ गेली. तरीही त्यांनी तिला नळीच्या मधल्या भागावरून बोट फिरवायला लावलं. ही दांडी धडक बसली तर आतल्या आत मिटावी आणि चालवणाऱ्याच्या छातीत घुसू नये, अशी केलेली असते. ज्या गाडीला एकदा धडक बसलीय तिची दांडी आधीच थोडी मिटलेली असते, ती घ्यायची नाही. नळीवर कुठं सुरकुती लागली नाही. मग त्यांनी बाहुबलींना सरळ विचारलं, “ही गाडी कशानं मोडीत आली?”

“इंजिनानं. एका मास्तरची हुती. दारात उभी राहूनच संपली बघा.”

तेवढ्यावर व्यवहार ठरला. एकच अडचण होती. गाडी सुरू करायचं कुलूप कॉलमवरच असतं आणि त्या कुलपाची चावी मास्तरांकडून केव्हाच हरवली होती, म्हणजे आपल्या गाडीचं जुनं कुलूप काढून नव्या कॉलमवर चढवावं लागणार होतं.

“ते कुलपाचं बोल्ट मात्र बाईंना जायचं न्हाईत हं,” बाहुबली म्हणाले. “त्यांची डोकीच मोडून टाकलेली असतात, चोराला पाना लागू नये म्हणून. माझा माणूस पाठवू का?”

सुभेदार उठून उभे राहिले होते. दीपमालाच्या हातातल्या कॉलमकडं बघत म्हणाले, “नगो. माझ्याकडं माणूस हाय.”

*

गुरुवारी सकाळी तांबडं फुटल्यावर काम सुरू झालं. दीपमालानं नवऱ्याची जुनी ट्रॅक पँट चढवली, केस घट्ट बांधले. सुभेदारांनी अंगणात, गाडीच्या उघड्या दाराशी, खुर्ची टाकून घेतली. पेटीतले पाने त्यांनी तिला एका जुन्या चादरीवर मापाप्रमाणे मांडायला लावले. ओट्यावर अंबूबाई, कालच्या दिवसाच्या विश्रांतीनं जरा तरतरीत झालेली, सुपात शेंगा घेऊन बसली.

“आधी बॅटरीची तार सोड. चाकं सरळ कर. आता स्टिअरिंगच्या मधलं झाकण.”

झाकण निघालं, हॉर्नची तार निघाली, आतला मोठा नट दिसला.

“नट समदा काढायचा न्हाई. दोन आटे अडकवून ठेव. न्हाईतर स्टिअरिंग एकदम सुटंल आन तुझं दात पाडंल.”

तिनं नट ढिला केला, गुडघे स्टिअरिंगच्या खाली लावले, दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं ओढायला लागली. स्टिअरिंग हलेना. कित्येक वर्षांत ते कुणी काढलं नव्हतं. “हातोडा मारू का दांडीवर?” तिनं विचारलं.

“अजिबात न्हाई! काल काय सांगितलं? मिटल आतल्या आत. वड. दमानं वड.”

दहाव्या-बाराव्या हिसक्याला ते फाडकन सुटलं आणि उरलेल्या दोन आट्यांवर अडकलं. दीपमाला मागं सीटवर आदळली. स्टिअरिंग तिच्या नाकापासून चार बोटांवर थांबलेलं होतं. दोन आट्यांचा अर्थ तिला तेव्हा कळला.

“गाडी दुरुस्त करताय का बाळंतपण करताय?” अंबूबाईनं ओट्यावरून विचारलं. सुभेदारांच्या तोंडावर हसू आलं. त्यांना असं हसताना दीपमालानं कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

इंडिकेटरचं बटण, वायपरचं बटण, वायरींचे जोड, सगळं एकेक करून सुटलं. प्रत्येक जोडाला त्यांनी तिच्याकडून रंगीत दोऱ्याची गाठ मारून घेतली. डॅशबोर्डखालचे कॉलमचे बोल्ट निघाले. मग आली खालची बाजू. दांडीचं खालचं टोक पॅडलांच्या मागं, जमिनीशी, एका जोडात बसतं आणि तो जोड आडव्या बोल्टनं आवळलेला असतो. तिथं पोचायला दीपमालाला उलटं व्हावं लागलं. डोकं ब्रेकच्या पॅडलाखाली, पाय सीटच्या पाठीवर. हातात विजेरी धरायलाही जागा नव्हती, म्हणून विजेरी दातांत.

“काय लागलं?” वरून आवाज आला.

“बोल्टचं डोकं. गंजलंय,” ती विजेरी काढून म्हणाली.

“पाना पुरता बसला का अर्धा?”

“पुरता.”

“हिसका मारू नगो. दाब वाढवत जा. गंज सुटला की हाताला तूप लागल्यासारखं लागंल.”

तिनं दाब वाढवत नेला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग खरंच, पान्यातून हाताला काहीतरी मऊ लागलं. बोल्ट कुरकुरत फिरला. “लागलं आबा! तूप लागलं!” ती खालूनच ओरडली.

जुना कॉलम बाहेर निघाला तेव्हा अकरा वाजले होते. खालच्या टोकाचे दाते कानशीनं घासून टाकल्यासारखे सपाट झालेले. दीपमालानं त्यावरून अंगठा फिरवला. एवढ्याशा लोखंडावर ती आत्तीला घेऊन आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जात होती.

कुलपाच्या डोकं मोडलेल्या बोल्टनी दुपार खाल्ली. छन्नीची धार बोल्टच्या कडेला तिरकी लावायची आणि हातोडीनं हळूहळू उलटं फिरवत न्यायचं, एवढीच युक्ती. पण छन्नी घसरायची. दोनदा तिच्या बोटावर बसली. रक्त आलं, तिनं ते पँटला पुसलं. सुभेदार डोळे मिटून बसले होते आणि फक्त आवाज ऐकत होते.

“आता ठोका बोदा येतोय. छन्नी खोल गेलीय. जरा वर घे... आता बरोबर हाय. ह्येच. मार.”

पहिला बोल्ट तीसेक ठोक्यांनी हलला. दुसरा त्याहून लवकर. दोन वाजता कुलूप तिच्या हातात आलं. ते नव्या कॉलमवर चढवलं, नवे बोल्ट आवळले आणि शेवटी त्यांचीही डोकी ‘टक’ करून मोडेपर्यंत पाना फिरवला. तो आवाज तिला इतका आवडला की जेवताना तिनं तो तोंडानं करून दाखवला.

साडेचारपर्यंत नवा कॉलम जागेवर होता. खालचं टोक जोडात बसलं, बोल्ट आवळला, वरचे बोल्ट आवळले, गाठींच्या रंगाप्रमाणे वायरी जोडल्या, स्टिअरिंग बसवलं. तिनं बॅटरीची तार लावून चावी फिरवली. गाडी सुरू झाली. हॉर्न वाजला. अंगणातल्या अंगणात तिनं स्टिअरिंग डावं-उजवं फिरवलं, तर चाकं लगेच वळली, जरासुद्धा ढिलाई नव्हती. पट्टी सरळ होती.

अंबूबाईनं ओट्यावरून टाळ्या वाजवल्या. दीपमाला खाली उतरली. पाठ मोडून आली होती, हात काळे, कोपर सोललेलं.

सुभेदार खुर्चीतून उठले नव्हते.

“खालचा बोल्ट,” ते म्हणाले. “बसवताना कसा गेला?”

“मस्त गेला. एका झटक्यात. कुठं अडाकलाच न्हाई.”

“दांडीला घासून गेला का मोकळा गेला?”

“मोकळा. सुळकन गेला.”

ते खुर्चीत पुढं वाकले. मग म्हणाले, “खोल.”

“काय?”

“खालचा बोल्ट खोल. परत बसवायचा.”

दीपमालाला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. सकाळपासून पोटात चारच घास गेले होते. उद्या पहाटे निघायचं होतं. “आबा, झालं की! चाकं वळत्यात. तुमी बघितलासा. घट्ट आवळलाय मी, अंगातला समदा जोर लावून.”

“घट्ट हाय गं. पण बरोबर हाय का ते म्हाईत न्हाई.”

“तुमाला माझ्या हातावर भरवसाच न्हाई,” ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला वाईट वाटलं.

सुभेदार रागावले नाहीत. मांडीखालचे हात त्यांनी बाहेर काढले, समोर धरले आणि थरथरू दिले.

“एक्क्याण्णव साली मी हवालदार हुतो. डोंगरात हुतो. एका ट्रकचं स्टिअरिंग खोललं हुतं. खालचा बोल्ट माझ्या हाताखालच्या पोरानं बसवला. मी त्याला इचारलं, घट्ट झाला का? त्यो म्हणाला, झाला. मी सही केली. खाली वाकून बघितलं न्हाई, थंडी हुती म्हणून. चौथ्या दिशी उतारावर दांडी जोडातनं वर निघाली. ट्रक डोंगरावर गेला म्हणून डायवर वाचला. दरीकडं गेला असता तर...” ते थांबले. “गुडघ्यापासनं पाय गेला त्याचा. तेवीस वर्षाचा हुता.”

अंबूबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं.

“आन त्यो पोरगा? बोल्ट बसवणारा?” दीपमालानं विचारलं.

“त्याचं काय? सही माझी हुती. साहेबाम्होरं जाऊन मीच सांगितलं. चौकशी झाली. सुभेदारी दोन वर्षं लांबली माझी.”

“तुमी तर म्हणाला हुता जागा न्हवती म्हणून लांबली,” अंबूबाई म्हणाली. तेहतीस-चौतीस वर्षं ती तेच समजून होती.

“त्या बोल्टला दांडीत खाच असती,” सुभेदार दीपमालाकडं बघत म्हणाले. “दांडी जोडात पुरती खाली बसली तर बोल्ट त्या खाचेतनं घासूनच जातोय. अर्धी बसली तर बोल्ट दांडीला शिवतच न्हाई, मोकळा जातोय. मंग कितीबी आवळ, ती नुसती चिमटीत धरलेली असती. अंगणात चाकं वळत्यात. रस्त्यावर, खड्ड्याखड्ड्यानं, ती वर सरकत जाती.”

दीपमालानं विजेरी घेतली, दातांत धरली आणि पुन्हा उलटी होऊन ती आत शिरली.

बोल्ट काढला. जोडाच्या भोकातून उजेड टाकला. भोकातून तिला पलीकडचा उजेड दिसला, आरपार. दांडी तिथं नव्हतीच. ती बोटाच्या पेराएवढी वर राहिली होती.

तिनं भोकात करंगळी घातली, ती मोकळीच गेली. मग ती म्हणाली, “आबा, आरपार दिसतंय.”

“व्हय,” एवढंच उत्तर आलं.

वरचे बोल्ट पुन्हा ढिले केले. दात्यांना तेलाचं बोट लावलं. अंबूबाई उठली, सावकाश येऊन ड्रायव्हरच्या सीटवर गुडघा टेकून बसली आणि नवऱ्यानं सांगितल्याप्रमाणे वरून स्टिअरिंग धरून खाली दाबत राहिली. दीपमालानं खालून जोड दात्यांवर बरोबर रेषेत आणला. एकदा अडकला, दोनदा अडकला. तिसऱ्यांदा दांडी सरकत खाली आली आणि जोडात ‘ठप्’ करून बसली.

बोल्ट या वेळी सुळकन गेला नाही. मध्ये अडला, घासला. तिनं अंगठ्यानं दाबत तो फिरवत नेला आणि फिरवताना बोलत राहिली, काही विचारलं नसतानाही. “आता खाचेला लागला. घासतोय. निम्मा गेला. अजून घासतोय. बाहेर आलं टोक.”

“स्टिअरिंग वर वडून बघा,” सुभेदारांनी अंबूबाईला सांगितलं. आजवर बायकोला त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं. वर्कशॉपच्या तंद्रीत ते तोंडातून गेलं असावं. अंबूबाईनं होतं नव्हतं ते बळ लावून ओढलं. स्टिअरिंग जागचं हललं नाही.

सूर्य यमाईच्या डोंगराआड जायच्या आत सगळं परत बसवून झालं. नंतर दीपमालानं गाडी गावाबाहेरच्या रस्त्यावर नेली. शेजारी सुभेदार. जिथं खड्डे जास्त तिथूनच त्यांनी तिला चारदा जायला लावलं, मग थांबवून बोल्ट पुन्हा बघायला लावला. बोल्ट होता तिथंच होता.

*

शुक्रवारी पहाटे निघताना सुभेदार पुढच्या सीटवर जाऊन बसले. एरवी ते घरीच थांबत. रहिमतपूरच्या त्या वळणावर दीपमालाचे खांदे आपोआप ताठ झाले. गाडी वळली, सरळ झाली, पट्टी सरळ झाली.

अंबूबाईला मशीनला जोडल्यावर दोघं बाहेर बाकावर बसली असताना आसामहून वीरधवलचा फोन आला. दीपमालानं स्पीकर लावला. गॅरेजवाल्यानं त्याला कळवलं होतं की गाडी आता काही चालत नाही, आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता.

“चालू हाय गाडी. साताऱ्यातच हाओत,” सुभेदार म्हणाले. “कॉलम बदलला.”

“कुणी बदलला?”

“तुझ्या बायकोनं.”

“आबा... तुमी तिला पाना दिला?” वीरधवलच्या आवाजात हसू होतं आणि आणखीही काही होतं. “मला कवा दिला न्हाई तो.”

“तू इचारलंच न्हाईस नीट. नुसता उचललास.” मग ते म्हाताऱ्या माणसाच्या मऊ आवाजात म्हणाले, “सुट्टीला ये. तुला बी शिकीवतो. ही दाखवंल तुला.”

दुपारी परत निघाले. अंबूबाई मागं आडवी झाली, पण आज तिनं डोळे मिटले नाहीत. रस्ता मोकळा होता. दीपमालाच्या बोटांवर चिकटपट्ट्या होत्या आणि नखांतलं ग्रीस तीनदा धुऊनही गेलं नव्हतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं ते हात बघून विचारलं होतं, तेव्हा तिनं सगळी हकिकत सांगितली होती, बोल्टच्या खाचेसकट, आणि चूक आपली होती हेही.

पंधरा-वीस मिनिटं सुभेदार खिडकीबाहेर बघत, कान मात्र आत ठेवून बसले होते. मग म्हणाले, “ब्रेक दाबतीस तवा मागचं डावं चाक जरा कुरकुरतंय. ऐकू येतंय?”

दीपमालानं ब्रेक हलका दाबला. कान दिला. “येतंय. बारीक हाय.”

“उद्याच खोलू.”

“अवो, मला आधी घरला तरी पोचू द्या!” मागून अंबूबाई म्हणाली.